दक्षिणेचा पैसा आणि विद्येची यादी

१

पेशवाईंतील दक्षिणेवर आजवर जें लिहिलें गेलें आहे त्याचे ठोकळमानानें दोन वर्ग पडतात. एका वर्गांतील लेखक पेशव्यांच्या विद्वत्सत्काराची थोरवी वर्णितात. दुसऱ्या वर्गांतील लेखक रमण्यावरील गर्दीकडे बोट दाखवून उधळपट्टीचा दोष देतात. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु दोन्ही पक्ष दक्षिणेकडे केवळ दात्याच्या गुणदोषांचें प्रमाण म्हणून पाहतात. आम्हांस प्रस्तुत लेखांत निराळा प्रश्न करावयाचा आहे. सरकारचें द्रव्य विद्येकडे जातें तेव्हां तें कोणाच्या हातांत पडतें, कोणत्या अटीवर पडतें, आणि ती अट पुरी झाल्याची नोंद कोणत्या कागदावर राहते?

हा प्रश्न रुक्ष दिसतो खरा. तथापि दक्षिणेच्या पैशानें सुमारें सव्वाशें वर्षांच्या अवधींत तीन वेळां हात बदलले, व प्रत्येक वेळीं विद्येचें स्वरूपहि बदललें, ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे या रुक्ष प्रश्नांतच पुष्कळ इतिहास सांठविलेला आहे अशी वाचकांची खात्री होईल.

२

दक्षिणा हा शब्द मूळचा यज्ञांतला. ऋत्विजानें कर्म केलें, तें सांग झालें, आणि त्याबद्दल यजमानानें दिलें ती दक्षिणा. गुरुदक्षिणेंतहि हाच न्याय आहे. शिष्य विद्या घेतो व शेवटीं देणें फेडतो. राजाचा संबंध येथें मुळांत नाहीं. तो कसा येतो हें रघुवंशाच्या पांचव्या सर्गांतील कौत्साच्या कथेंत फार मार्मिकपणें दाखविलें आहे. वरतंतूनें आपल्या शिष्यापाशीं चौदा विद्यांबद्दल चौदा कोटी मागितले. निर्धन कौत्स रघूच्या दारीं आला. विश्वजित् यज्ञांत सर्वस्व देऊन बसलेल्या रघूनें कुबेरावर चाल करण्याचें ठरविलें, आणि कोशागार सुवर्णानें भरलें. रघु सर्व देऊं लागला. कौत्स गुरूच्या देण्यापलीकडे कवडीहि घेईना. म्हणजे राजाचें द्रव्य शिष्याच्या हातून गुरूकडे जावें, त्याची रक्कम विद्येनें ठरवावी, व घेणारानें आपल्या गरजेचें मोजमाप स्वतः जाणावें, असा हा आदर्श. इतिहासांत आदर्श क्वचितच सांपडतात; पण पुढील हकीकत मोजण्यास हें माप उपयोगी पडेल.

मराठी राज्यांतील दक्षिणेचा आरंभ परंपरेनें सेनापति खंडेराव दाभाडे यांच्याकडे नेला जातो. तळेगांवास श्रावणमासांत ते विद्वान् ब्राह्मणांस द्रव्य वांटीत. इ. स. १७३१ सालीं डभईच्या लढाईंत त्र्यंबकराव दाभाडे पडल्यावर ही प्रथा पहिल्या बाजीरावानें पुढें चालविली व तिचें ठिकाण पुणें झालें. येथें दक्षिणेचे दोन प्रवाह दिसतात. शास्त्र जाणणाऱ्या पंडितांस त्यांच्या योग्यतेप्रमाणें वाड्यांत मोठ्या रकमा मिळत. इतर जमाव पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यांत जमे. एकानें दोन वेळां घेऊं नये म्हणून जमाव आवारांत घेऊन, बाहेर पडतांना दाराशीं प्रत्येकाच्या हातावर पैसा ठेवीत, असें वर्णनांवरून दिसतें.

या दोन प्रवाहांचा हिशेब दोन प्रकारचा होता. वाड्यांत नांव, शास्त्र व रक्कम यांची गांठ घातलेली. रमण्यावर केवळ डोकीं मोजलेलीं. जेथें नांव लिहावें लागतें तेथें देणारास निवड करावी लागते. जेथें केवळ डोकें मोजावयाचें तेथें निवडीचें कारणच उरत नाहीं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं दुसरा प्रवाह वाढला व पहिल्याचें तेज कमी झालें, याचें कारण एकट्या बाजीरावाच्या स्वभावांत शोधणें आम्हांस अपुरें वाटतें. मोजणी सोपी असते तिकडे कारभार आपोआप वळतो. आणि पुण्य मिळविण्याची घाई असली म्हणजे तो अधिक वेगानें वळतो.

घेणारांची जात या यादीच्या दाराशींच ठरलेली होती, हेंहि येथेंच सांगितलें पाहिजे. प्रजेच्या वसुलांतून आलेला पैसा एकाच वर्णाच्या हातीं जात होता. पुढील काळांतला तंटा कळण्यास ही गोष्ट विसरून चालणार नाहीं.

३

इ. स. १८१८ सालीं पुण्याचें राज्य इंग्रजांकडे गेलें. एल्फिन्स्टनपुढें दक्षिणेचा प्रश्न उभा राहिला तेव्हां बाजीराव सालीना सुमारें पांच लाख रुपये या कामीं खर्चीत होता. ही रक्कम एकदम बंद करावी तर विद्वान् वर्ग बिथरेल. चालू ठेवावी तर कंपनीचे हिशेबनीस विचारतील. मधला मार्ग म्हणून वर्षास ५० हजारांची मर्यादा ठरली. ही रक्कम तुच्छ नव्हे. १८१३ च्या सनदी कायद्यानें साऱ्या हिंदुस्थानांतील कंपनीच्या मुलुखांतील विद्येकरितां वर्षास एक लाख रुपये बाजूस ठेवावे असें म्हटलें होतें. त्या मापानें पाहतां एकट्या पुण्याच्या दक्षिणेची कमी केलेली रक्कमहि त्याच्या निम्मी भरते!

आतां दक्षिणेनें पहिल्यांदा हात बदलला. ता. ६ आक्टोबर १८२१ रोजीं कमिशनर चॅप्लिन यांनीं विश्रामबाग वाड्यांत हिंदु पाठशाळा स्थापिली व दक्षिणेच्या रकमेपैकीं कांहीं भाग तिकडे वळविला. राघवाचार्य हे तिचे पहिले मुख्य. न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, वेदान्त, ज्योतिष, अलंकार, वैद्यक, वेद असे विषय तेथें चालत. विषय जुनेच, शिकविणारे शास्त्रीहि जुन्या पठडींतलेच. नवें होतें तें एवढेंच कीं पैसा आतां पंडिताच्या हातीं न पडतां पाठशाळेच्या नांवें पडूं लागला.

एवढ्या फरकानें काय झालें? पूर्वीं शास्त्री आपल्या घरीं शिष्य ठेवी. शिष्य कोण, किती वर्षें, काय शिकला, हें गुरु जाणे. श्रावणांत शास्त्र्याची योग्यता पाहिली जाई. ती त्याच्या वादांत व त्याच्या शिष्यांत दिसे. पाठशाळेंत शास्त्री पगारी झाला, विद्यार्थी हजेरीपटावर आला, आणि सरकारास वर्षाचा अहवाल द्यावा लागूं लागला. अहवाल आला म्हणजे शंका आल्या. १८३४ सालीं पाठशाळा बंद करण्यापर्यंत मजल गेली. ती टळली, पण सुधारणेच्या अटीवर. घरच्या पाठास कोणी बंद करूं शकत नव्हतें. संस्थेस मात्र एका हुकुमानें बंद करतां येतें. द्रव्य संस्थेकडे गेल्यानें विद्येस स्थैर्य येतें असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

राहिलेली दक्षिणा शास्त्र्यांच्या समितीपुढें परीक्षा घेऊन वांटली जात असे. १८३६ च्या सुमारास सरकारनें ठरविलें कीं जे आज घेत आहेत त्यांस त्यांच्या हयातीपर्यंत मिळेल. नव्यांस यादींत घ्यावयाचें नाहीं. या ठरावाचा परिणाम फार शांतपणें झाला. कोणाचें कांहीं काढून घेतलें नाहीं, म्हणून ओरड बेताची. आणि एकेक वृद्ध शास्त्री निवर्तला कीं तितकी रक्कम मोकळी. दक्षिणेच्या यादींतील एकेक नांव खोडलें जात होतें व त्या खोडीबरोबर एकेक शास्त्राची घरची परंपराहि मिटत होती. शास्त्र्याच्या मुलानें बापाचें शास्त्र कां सोडलें, याचें उत्तर काळाच्या ओघावर ढकलण्याची आपल्याकडे रीत आहे. कित्येक घरांपुरतें तरी तें उत्तर या हयातीच्या यादींत सांपडेल असें आमचें मत आहे.

४

अशा रीतीनें सुटलेल्या पैशाचें काय करावें, यावरून १८४९-५० च्या सुमारास पुण्यांत मोठा वाद माजला. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख प्रभृति सुशिक्षितांनीं सरकारास अर्ज केला कीं दक्षिणेचा कांहीं अंश मराठींत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस बक्षीस म्हणून द्यावा, व त्यांत जातीचा निर्बंध नसावा. शास्त्रीमंडळ खवळलें. धर्मार्थ ठेवलेलें द्रव्य लौकिक ग्रंथांस कसें देतां, असा त्यांचा आक्षेप होता. अर्जदारांच्या रक्षणार्थ जोतीराव फुले यांनीं माणसें उभीं केलीं, असें फुल्यांच्या चरित्रकारांनीं नोंदविलें आहे. एका अर्जास पहारा लागावा, यावरून त्या यादीच्या दाराशीं काय पणास लागलें होतें हें उघड होतें.

अर्ज बहुतांशीं मान्य झाला आणि दक्षिणा प्राइज कमिटी अस्तित्वांत आली. १८५१ सालींच पाठशाळा व इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज झालें. म्हणजे दुसऱ्या हातबदलानें पैसा ग्रंथाकडे गेला. मराठी गद्याच्या वाढीस या कमिटीचा उपयोग झाला यांत शंका नाहीं. परंतु येथेंहि हिशेबाचें स्वरूप विसरून चालणार नाहीं. ग्रंथ हा एकदां लिहून पुरा होतो, मोजतां येतो, कमिटीपुढें ठेवतां येतो. शिष्य घडविण्याचें काम तसें ठेवतां येत नाहीं. शिवाय कमिटींत बसणारे जे होते त्यांच्या रुचीची चाळण प्रत्येक पुस्तकास लागे. ज्या जोतीरावांनीं अर्जाचें रक्षण केलें त्यांनींच १८५५ सालीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक लिहून कमिटीकडे पाठविलें. तें नाकारलें गेलें. हा अनुभव त्यांनीं पुढें ‘गुलामगिरी’ (१८७३) या पुस्तकांत नमूद केला आहे. नियमांतून जातीचा निर्बंध गेला म्हणून तो निवडीच्या मेजावरून गेलाच असें होत नाहीं. तरी निष्पक्षपणें हेंहि सांगितलें पाहिजे कीं याच दक्षिणेच्या निधींतून पुण्याच्या मुलींच्या शाळांस दरमहा मदत मिळाली. ज्या द्रव्याच्या यादींत एके काळीं एकाच वर्णाचे पुरुष होते त्यावर मुलींची शाळा चालावी, ही गोष्ट लहान नव्हे.

तिसरा हातबदल दक्षिणा फेलोशिपचा. मुंबई विश्वविद्यालय १८५७ सालीं स्थापन झालें, व लौकरच दक्षिणेच्या रकमेंतून हुशार विद्यार्थ्यांस फेलो नेमण्याची चाल पडली. फेलोनें पुढील अभ्यास करावा आणि खालच्या वर्गांस शिकवावें, अशी ही योजना. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८५९ सालीं फेलो झाले व पुण्यास येऊन शास्त्र्यांपाशीं संस्कृत शिकले. महादेव गोविंद रानडे हेहि फेलो होते. कनिष्ठ फेलोस दरमहा ६० व वरिष्ठास १२० रुपये मिळत.

आमच्या मतें दक्षिणेच्या सर्व अवतारांत हा अवतार कौत्साच्या कथेस सर्वांत जवळचा आहे. पैसा तरुणाच्या हातीं, काम गुरूच्या देखरेखीखालीं, शिकणें व शिकविणें एकाच वेळीं, आणि मुदत ठरलेली. अध्यापनाची ही उमेदवारीच होय. भांडारकरांस नवें शास्त्रशुद्ध संशोधन व जुन्या शास्त्र्यांची परंपरा या दोहोंचा लाभ एकाच ठिकाणीं झाला, तो याच व्यवस्थेमुळें. हयातीच्या यादींतले शेवटचे शास्त्री अद्याप जिवंत होते तोंच हे तरुण त्यांच्या पायांशीं बसले. आणखी तीस वर्षें उशीर झाला असता तर शिकविण्यास कोण उरलें असतें?

५

आतां वर उमेदवारी हा शब्द आला, त्याविषयीं थोडें. उमेद हा फारसी शब्द. उमेदवार म्हणजे आशा धरून बसलेला. कचेरींत बिनपगारी बसून मोडी वळण, जमाखर्च, पत्राचे मायने शिकावयाचे व जागा रिकामी होण्याची वाट पाहावयाची, यास आपल्याकडे उमेदवारी म्हणत. सुतार, लोहार, तांबट यांचीं मुलें घरींच किंवा जातभाईच्या दुकानीं शिकत. या शिक्षणास दक्षिणा नव्हती. शिकणाराचें श्रम हीच फी.

येथें एक योगायोग लक्षांत घेण्यासारखा आहे. पुण्यांत दक्षिणेचा वाद ऐन भरांत होता त्याच १८५० सालीं कंपनी सरकारनें शिकाऊ मुलांविषयीं १९ वा कायदा केला. दहा वर्षांवरील व अठरा वर्षांखालील मूल, विशेषतः अनाथ व गरीब, धंदा शिकण्याकरितां कारागिराकडे करारानें बांधून द्यावें. करार सात वर्षांहून अधिक नसावा, असें त्यांत होतें. म्हणजे शास्त्रविद्येस सरकार द्रव्य देई पण करार मागत नसे. हस्तविद्येस करार लिहून घेई पण द्रव्य देत नसे. दोन विद्यांमधील हा भेद आपल्याकडील वर्णव्यवस्थेनें आधींच घातलेला होता. नव्या राज्यानें त्यावर कायद्याचा शिक्का मारला. १८५४ सालीं पुण्यास बांधकाम खात्यासाठीं दुय्यम अधिकारी तयार करणारी इंजिनियरिंग शाळा निघाली, तेव्हां हातकामाच्या विद्येस सरकारी पैसा मिळूं लागला. तोहि सरकारास माणसें हवीं होतीं म्हणून. हीच शाळा पुढें पुण्याचें इंजिनियरिंग कॉलेज झाली.

१८५४ च्याच वुडच्या खलित्यानें खासगी शाळांस अनुदान देण्याचें तत्त्व घातलें. पुढें मुंबई इलाख्यांत परीक्षेंत उतरलेल्या मुलांच्या संख्येवर अनुदान मोजण्याची पद्धत आली. रमण्यावर डोकीं मोजीत; आतां उत्तीर्ण डोकीं मोजूं लागले. सुधारणा झाली हें खरें. पण तपासनीस येण्याच्या आधीं कच्चीं मुलें घरीं ठेवण्याचा मोहहि त्याच पद्धतीच्या पोटीं जन्मला.

६

या विषयाकडे आमचें लक्ष केवळ जुन्या कागदांमुळें वळलें असें नाहीं. आमची हयात शाळेंत गेली. ज्या शाळेंत आम्ही कांहीं वर्षें मुख्याध्यापक होतों तेथें सुतारकामाचा एक वर्ग होता. शिकविणारे गृहस्थ कसबी. त्यांच्या हाताखालचीं मुलें पुढें स्वतःचीं दुकानें घालून बसलीं. एके वर्षीं पटावरील संख्या ठरलेल्या आंकड्याहून तिघांनीं कमी भरली व वर्गाचें अनुदान थांबलें. आम्हीं पत्रें लिहिलीं, उत्तरें आलीं, सर्व उत्तरें नियमास धरून होतीं. तें वर्ष संपण्यापूर्वीं वर्ग मोडला. रंधे व करवती कपाटांत गेल्या. त्यांची यादी मात्र आम्हांस दरसाल सही करून पाठवावी लागे. विद्या गेली व यादी राहिली! या प्रकारांत दुष्ट कोणीहि नव्हतें. तीन मुलांची उणीव कागदावर दिसत होती, शिक्षकाचा हात कागदावर दिसत नव्हता, इतकेंच.

अलीकडील व्यवस्थेंतहि जुनाच प्रश्न नव्या वेषांत आला आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानें कारखानदारांवर उमेदवार घेण्याचें बंधन घातलें. २०१६ सालीं केंद्र सरकारनें योजना काढली कीं उमेदवाराच्या ठरलेल्या विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांच्या मर्यादेंत, सरकारनें मालकास भरून द्यावा. २०२३ पासून हाच हिस्सा मालकाच्या हातीं न देतां थेट उमेदवाराच्या बँकखात्यांत जमा करण्याची रीत सुरू झाली. म्हणजे पैसा संस्थेकडून पुन्हां शिकणाराच्या हातीं वळला. शिकणारास त्याचें देणें विनाविलंब मिळावें हें योग्यच आहे. पण कौत्साच्या कथेंत द्रव्य शिष्याच्या हातीं येऊन तेथेंच थांबत नाहीं. तें गुरूपर्यंत पोंचतें. ज्या कारागिराच्या मेजाशीं बसून हा उमेदवार शिकतो त्या कारागिराचें नांव कोणत्या यादींत आहे, हा प्रश्न विचारणाऱ्यानें दक्षिणेचा इतिहास एकदां पाहावा.

७

असो. या लेखाच्या वाचकांत पोथ्या व कागद जमविणारे पुष्कळ आहेत; त्यांच्यापाशीं एक विनंति करून लेख संपवितों. कांहीं वर्षांपूर्वीं एका जुन्या शास्त्रीघराण्यांत पोथ्या पाहण्यास आम्ही गेलों होतों. न्यायाची एक चांगली प्रत निघाली. तिच्या फळ्यांच्या आंत पुठ्ठा म्हणून दुमडलेला एक मोडी कागद होता. उलगडून पाहतां नांवांची ओळ, पुढें शास्त्र व पुढें रकमेचा आंकडा. कागद अर्धाच होता. बाकीचे कागद कोठें, असें विचारतां यजमान सहज म्हणाले, ‘ते जमाखर्चाचे होते, गंगार्पण केले, पोथ्या मात्र एकहि टाकली नाहीं.’ त्यांच्या भक्तीविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु न्यायाचा तो ग्रंथ इतरत्र दहा ठिकाणीं मिळेल. त्या घरांत तो कोण शिकला, कोणाच्या हाताखालीं, किती रुपयांच्या आधारानें, व कोणत्या सालीं तो आधार तुटला, हें सांगणारा कागद त्या एकाच घरीं होता.

पुण्याच्या पेशवे दप्तरांत सरकारी बाजूचे कागद आहेत. सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या काळांत त्यांतील निवडीचे ४५ भाग छापिले. तरी तपासावयाचें राहिलेलें त्याहून कितीतरी पट आहे. पण तो देणाराचा हिशेब झाला. घेणाराचा हिशेब घराघरांतल्या बासनांत आहे. दोन्ही बाजू जुळल्याशिवाय जमाखर्चाचा मेळ बसत नाहीं. यासाठीं पुढें कोणाच्या घरीं पोथ्यांबरोबर दक्षिणेच्या याद्या, पाठशाळेचे हजेरीपट, फेलोशिपचीं पत्रें, शिकाऊ मुलांचे करारनामे, किंवा एखाद्या बंद पडलेल्या वर्गाचा पट सांपडला, तर तो रद्दी म्हणून टाकूं नये. निदान साल, गांव व घराणें टिपून मंडळास कळवावें. ज्यांचीं नांवें ग्रंथांत आलीं नाहींत अशा पुष्कळ शिकणारांचा व शिकविणारांचा उल्लेख त्या कागदांवरच, आणि तेथें एकदांच, झालेला असतो.